स्वयंचलित दोहनाच्या नोंदी व कासेचे आरोग्य

स्वयंचलित दोहनाच्या नोंदींवरून कासेच्या आरोग्याचे निरीक्षण ही दुभत्या गायीच्या कासेतील बिघाड लवकर ओळखण्याची पद्धत होय. दूध काढणाऱ्या यंत्रातील संवेदक प्रत्येक दोहनाच्या वेळी जी माहिती टिपतात, तिच्या आधारे हे निरीक्षण केले जाते. दुधाची विद्युतवाहकता, प्रत्येक सडातून मिळालेले दूध, दुधाचा रंग व तापमान, कायिक पेशींची संख्या आणि दोन दोहनांमधील अंतर या यातील प्रमुख नोंदी होत. कासदाह या रोगाचा माग काढण्यासाठी या पद्धतीचा सर्वाधिक उपयोग होतो. मराठी पशुपालकांत हा रोग 'दगडी' या नावानेही ओळखला जातो. यंत्राने दिलेला इशारा म्हणजे रोगनिदान नव्हे. कोणती गाय आधी तपासावी, एवढेच तो सांगतो.

## पार्श्वभूमी

### कास आणि तिची रचना

गायीच्या कासेचे चार स्वतंत्र कप्पे असतात व प्रत्येक कप्प्याला एक सड असतो. एका कप्प्यातील दूध दुसऱ्या कप्प्यात जात नाही. त्यामुळे एक सड रोगग्रस्त असताना उरलेले तीन निरोगी असू शकतात. निरीक्षणाच्या दृष्टीने ही रचना फार उपयुक्त ठरते, कारण एकाच गायीचे चार सड एकमेकांशी ताडून पाहता येतात. खुराक, हवामान व वेताचा टप्पा या गोष्टी चारही सडांना सारख्याच लागू असतात. म्हणून एकाच सडाचे मोजमाप वेगळे आले, तर त्याचे कारण बहुधा त्या सडातच असते.

### कासदाह

सडाच्या छिद्रातून जंतू आत शिरल्याने कासेला येणारी सूज म्हणजे कासदाह. धार काढल्यानंतर सडाचे छिद्र पूर्ण मिटण्यास साधारण अर्धा ते एक तास लागतो. या काळात गाय ओल्या शेणावर बसली, तर जंतूंना वाट मोकळी मिळते. रोगकारक जंतूंचे दोन गट मानले जातात. स्टॅफिलोकोकस ऑरियस व स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टिए हे जंतू मुख्यतः धार काढणाऱ्याचे हात, कापड किंवा यंत्राचे पेले यांच्यामार्फत एका गायीकडून दुसरीकडे जातात. ईश्चेरिचिया कोलाय व स्ट्रेप्टोकोकस युबेरिस हे प्रामुख्याने शेण, चिखल व ओले अंथरूण यांतून येतात.

रोगाचे स्वरूपही दोन प्रकारचे असते. लक्षणयुक्त कासदाहात कास गरम, लाल व घट्ट होते, दुधात गुठळ्या येतात, दूध पाण्यासारखे पातळ किंवा रक्तमिश्रित होते, क्वचित गायीला ताप येऊन ती वैरण सोडते. सुप्त कासदाहात मात्र कास व दूध दोन्ही डोळ्यांना नेहमीसारखी दिसतात. फक्त दूध हळूहळू घटते आणि त्याची प्रत उतरते. कळपात सुप्त प्रकारच अधिक आढळतो. तो लक्षात न आल्यामुळे होणारे नुकसान दीर्घकाळ चालू राहते आणि ती गाय इतर गायींना संसर्ग देत राहते.

### दुधात होणारे बदल

निरोगी कासेत दूधनिर्मिती करणाऱ्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. सूज आल्यावर ही बांधणी सैल होते. रक्तातील सोडियम व क्लोराइड दुधात उतरतात, तर दुधातील दुग्धशर्करा व पोटॅशियम बाहेर झिरपतात. क्षार वाढल्याने दूध चवीला किंचित खारट लागते आणि त्यातून वीज अधिक सहज वाहते. दुग्धशर्करेमुळे दुधात पाणी ओढले जात असल्याने ती घटली की दुधाचे प्रमाणही कमी होते. त्याच वेळी जंतूंशी लढण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी कासेत येतात व दुधातील कायिक पेशींची संख्या वाढते. स्वयंचलित यंत्रे मोजतात ती मुख्यतः हीच स्थित्यंतरे.

## इतिहास

हाताने धार काढणारा माणूस पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या काढून दूध पाहतो. कासेला हात लागताच ऊब, घट्टपणा किंवा गायीचे दचकणे त्याला कळते. कासेच्या आरोग्याचे सर्वात जुने निरीक्षण ते हेच. गोठ्यातच करता येणारी सोपी चाचणी १९५७ मध्ये आली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ओ. डब्ल्यू. शाल्म आणि डी. ओ. नूरलँडर यांनी 'कॅलिफोर्निया कासदाह चाचणी' मांडली. चार खळग्यांच्या पसरट पात्रात चार सडांचे थोडे थोडे दूध घेऊन त्यात द्रावण मिसळले जाते. पेशी जास्त असल्यास मिश्रण घट्ट, लगद्यासारखे होते. भारतातील पशुवैद्यक आजही ही चाचणी वापरतात.

विद्युतवाहकतेचा अभ्यास विसाव्या शतकात अनेकांनी केला. १९७०च्या दशकात इंग्लंडमधील जे. एल. लिंझेल व एम. पीकर यांनी दाखवून दिले की, वाहकतेच्या एकट्या आकड्यापेक्षा एकाच गायीच्या चार सडांची परस्परांशी तुलना अधिक विश्वसनीय ठरते. आजच्या यंत्रांची गणिते याच विचारावर उभी आहेत.

अनेक गायींचे एकत्र दोहन करणारे फिरते चक्राकार दोहनगृह अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९३० मध्ये सुरू झाले. मानवी हाताविना सडांना पेले लावणारा पहिला व्यापारी दोहन यंत्रमानव १९९२ मध्ये नेदरलँड्समधील एका गोठ्यात बसवला गेला. येथे एक नवा प्रश्न निर्माण झाला. गाय आपल्या इच्छेने, दिवसा किंवा रात्री, यंत्रात शिरते व धार देऊन बाहेर पडते; त्या वेळी पहिली धार पाहणारा माणूस तेथे नसतो. ती उणीव भरून काढण्याची जबाबदारी संवेदकांवर आली. युरोपीय महासंघाच्या स्वच्छताविषयक नियमांनुसार प्रत्येक जनावराचे दूध दोहनाच्या वेळी तपासणे आवश्यक आहे. ही तपासणी माणसाने करावी अथवा तितकाच परिणाम साधणाऱ्या पद्धतीने व्हावी, अशी मुभा त्या नियमांत आहे.

## नोंदवली जाणारी माहिती

प्रत्येक गायीच्या गळ्यात, कानात किंवा पायात ओळखपट्टी असते. गाय यंत्रात येताच पट्टीवरून तिची ओळख पटते व पुढील सर्व मोजमापे तिच्या नावावर जमा होतात.

### विद्युतवाहकता

सर्वाधिक प्रचारात असलेले हे मोजमाप आहे. दुधाच्या नळीत बसवलेल्या दोन विद्युतअग्रांमधून सूक्ष्म प्रवाह सोडून ते घेतले जाते. निरोगी गायीच्या दुधाची वाहकता साधारणपणे ४ ते ५.५ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर असते. कासदाहात ती त्याहून वर जाते. तथापि, दुधाचे तापमान, स्निग्धांश, गायीचे वय, वेताचा टप्पा आणि मागील दोहनापासून गेलेला वेळ यांवरही ती अवलंबून असते. म्हणून सर्व गायींना एकच मर्यादा लावणे योग्य ठरत नाही.

### सडनिहाय दूध

चारही सडांचे दूध वेगवेगळे मोजणाऱ्या यंत्रांत एखाद्या सडाचे दूध अचानक घटल्यास ते लगेच दिसते. सबंध गायीचे दूध पाहिल्यास हीच घट झाकली जाते, कारण उरलेले तीन सड नेहमीसारखेच दूध देत असतात. माज, उष्मा किंवा खुराकातील बदल यांमुळे बहुधा चारही सडांचे दूध कमी होते. कासदाहात ते बहुतेक वेळा एका-दोन सडांपुरते असते.

### कायिक पेशींची संख्या

कासेच्या आरोग्याचे हे जगभर मान्य असलेले परिमाण आहे. एका मिलिलिटरमध्ये २ लाखांहून अधिक पेशी आढळल्यास सामान्यतः संसर्गाचा संशय घेतला जातो. एकत्रित दुधासाठी युरोपीय महासंघात ४ लाख व अमेरिकेत ७.५ लाख ही कमाल मर्यादा आहे. काही यंत्रांत दोहन चालू असतानाच पेशींचा अंदाज घेणारी उपकरणे बसवलेली असतात. ती महाग असून त्यांना द्रावणाचा नियमित पुरवठा लागतो. गाय व्याल्यानंतरचे पहिले काही दिवस पेशी स्वाभाविकपणे जास्त असतात, म्हणून त्या काळातील आकडा रोगाचा पुरावा मानत नाहीत.

### रंग, तापमान व विकर

प्रकाशसंवेदक दुधातील रक्ताची छटा किंवा पातळपणा ओळखतात. दुधाच्या तापमानावरून गायीला आलेला ताप कळू शकतो. परंतु प्रत्येक कासदाहात ताप येतोच असे नाही. काही प्रगत प्रणाली लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या विकराचे प्रमाण मोजतात. ऊतींना इजा झाल्यावर हे विकर दुधात वाढते.

### दोहनातील वर्तन

पेला लाथेने पाडणे, दोहन अपुरे राहणे, दूध वाहण्याचा वेग मंदावणे, गाय यंत्राकडे नेहमीपेक्षा उशिरा येणे या घटनांचीही नोंद होते. दुखऱ्या कासेची गाय यंत्र टाळते, असा अनुभव असल्याने या नोंदी पूरक पुरावा म्हणून वापरतात.

## इशारा कसा तयार होतो

संगणक प्रत्येक नव्या मोजमापाची तीन गोष्टींशी तुलना करतो: त्याच सडाची मागील काही दिवसांची सरासरी, त्याच गायीचे इतर सड आणि ठरावीक मर्यादा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या गायीच्या चार सडांची वाहकता ४.७, ४.९, ४.८ आणि ५.४ आहे. यातील ५.४ हा आकडा सर्वसाधारण मर्यादेच्या आत असल्याने केवळ मर्यादा पाहणाऱ्याला त्यात काही वावगे दिसणार नाही. पण हाच सड गेल्या आठवड्यात ४.८ दाखवत होता, इतर तीन सड जागच्या जागी आहेत आणि त्या सडाचे दूधही कालपासून कमी झाले आहे, हे एकत्र पाहिले की तो सड तपासण्याजोगा ठरतो. उलट, दुसऱ्या गायीचे चारही सड कायम ५.६ दाखवत असतील व दूध स्थिर असेल, तर तो तिचा स्वभावधर्म असू शकतो.

एकाच मोजमापावर विसंबण्यापेक्षा अनेक मोजमापे एकत्र केल्यास इशारे अधिक भरवशाचे होतात. त्यासाठी सांख्यिकी आणि अलीकडे यंत्रशिक्षणाच्या पद्धती वापरल्या जातात.

## अचूकता

इशाऱ्यांची गुणवत्ता दोन कसोट्यांवर पारखली जाते. रोगी सडांपैकी किती ओळखले गेले, ही संवेदनक्षमता; निरोगी सडांपैकी किती योग्य रीतीने वगळले गेले, ही विशिष्टता. दुसरी कसोटी दुर्लक्षित राहते, पण व्यवहारात तीच अधिक निर्णायक ठरते.

समजा, १,००० दोहनांपैकी १० रोगग्रस्त आहेत. संवेदनक्षमता ८० टक्के असल्यास ८ ओळखली जातील व २ निसटतील. विशिष्टता ९९ टक्के असल्यास ९९० निरोगी दोहनांपैकी सुमारे १० वर चुकीचा इशारा येईल. म्हणजे एकूण १८ इशाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक खोटे असतील. विशिष्टता ९५ टक्क्यांवर उतरली, तर खोटे इशारे ५० च्या आसपास जातील. रोज असे खोटे इशारे पाहून कंटाळलेला पशुपालक पुढे यादी पाहणेच सोडून देतो आणि खरा रोगीही त्याच यादीत राहून जातो. लांडगा आला रे आला, या गोष्टीतील मुलाची गत यंत्राचीही होऊ शकते. म्हणून मर्यादा किती कडक ठेवावी हा केवळ तांत्रिक प्रश्न नसून गोठ्यात तपासणीस माणसे किती आहेत, यावरही तो अवलंबून असतो.

## गोठ्यातील उपयोग

इशारा मिळाल्यावर सर्वसाधारणपणे पुढील क्रम पाळला जातो:

१. गायीला वेगळे करून कास पाहणे व हाताने चाचपणे.
२. प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या पृष्ठभागावर किंवा गाळणीच्या पेल्यात घेऊन गुठळ्या पाहणे.
३. कॅलिफोर्निया कासदाह चाचणी करणे.
४. चाचणी सदोष आल्यास सड निर्जंतुक करून दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणे.
५. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने उपचार ठरवणे व त्याची नोंद ठेवणे.

यंत्राच्या इशाऱ्यावरून थेट प्रतिजैविक देणे चुकीचे मानले जाते. वर दाखवल्याप्रमाणे अनेक इशारे खोटे असतात, आणि काही जंतूंमुळे झालेला सौम्य कासदाह प्रतिजैविकाविनाही बरा होतो. अनावश्यक वापराने औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. उपचारानंतर औषधाचा अंश दुधात उतरत असल्याने नेमून दिलेल्या मुदतीपर्यंत ते दूध विकता येत नाही. स्वयंचलित यंत्रणेत अशा गायीचे दूध आपोआप वेगळ्या पात्रात वळवण्याची सोय असते.

दीर्घकाळाच्या नोंदींचा उपयोग अधिक व्यापक आहे. कोणत्या गायी वारंवार आजारी पडतात, भाकड काळात संसर्ग होतो की व्याल्यावर, कोणत्या ऋतूत प्रमाण वाढते, यंत्राच्या पेल्यांचे रबर बदलल्यावर फरक पडला का, अशा प्रश्नांची उत्तरे त्यांतून मिळतात. उपचार केलेला सड खरोखर बरा झाला का, हेही पुढील आठवड्यांच्या आकड्यांवरून कळते.

## मर्यादा

संवेदकांची वेळोवेळी स्वच्छता व पडताळणी आवश्यक असते. नळीत साचलेला दुधाचा थर मोजमाप बिघडवतो. रोगाचा जंतू कोणता, हे वाहकता किंवा पेशीसंख्या सांगू शकत नाही. भाकड गायींचे दोहन होत नसल्याने त्यांची माहिती मिळत नाही, आणि नवा संसर्ग होण्याचा धोका तर याच काळाच्या आरंभी व अखेरीस वाढलेला असतो. शिवाय, निरीक्षणाने रोग लवकर कळतो, टळत नाही. कोरडे अंथरूण, दोहनानंतर सड जंतुनाशकात बुडवणे, धार काढल्यावर काही वेळ गाय उभी राहावी म्हणून तिच्यापुढे वैरण टाकणे आणि रोगी गायीची धार शेवटी काढणे या उपायांना यंत्र पर्याय ठरत नाही.

## महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात बहुतांश दूध अल्पभूधारक कुटुंबांच्या दोन-चार जनावरांच्या गोठ्यांतून येते. त्यामुळे पूर्ण स्वयंचलित दोहन मोजक्या मोठ्या गोठ्यांपुरते मर्यादित आहे. पुणे जिल्ह्यातील मंचर येथील भाग्यलक्ष्मी डेअरी फार्म हे त्याचे ठळक उदाहरण होय. पराग मिल्क फूड्स या कंपनीशी संलग्न असलेल्या या गोठ्यात होल्स्टीन फ्रीझियन गायींचे दोहन फिरत्या चक्राकार दोहनगृहात होते. सांगली जिल्ह्यातील भिलवडी येथे १९३९ मध्ये स्थापन झालेल्या चितळे डेअरीने वेगळा मार्ग घेतला. तेथे परिसरातील शेतकऱ्यांच्या जनावरांना रेडिओ लहरींवर वाचता येणाऱ्या ओळखपट्ट्या लावून त्यांच्या आरोग्य व प्रजननाच्या नोंदी संगणकावर ठेवण्याचा उपक्रम राबवण्यात आला. मोठा गोठा नसतानाही नोंदींचा लाभ घेता येतो, हे त्यातून दिसते. देशपातळीवर जनावरांना बारा अंकी क्रमांकाचे कानातील बिल्ले दिले जातात आणि त्यावर लसीकरण व प्रजननाची माहिती नोंदवली जाते.

## सिंधुदुर्ग व कोकण किनारपट्टी

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा अतिवृष्टीचा आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत जून ते सप्टेंबर या काळात हवा सतत दमट असते, गोठ्यातील जमीन सुकत नाही व जनावरे दीर्घकाळ बांधून राहतात. शेण व चिखलातून येणाऱ्या जंतूंना ही परिस्थिती अनुकूल असते. कोकण कपिला ही येथील लहान चणीची, काटक देशी गाय असून राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. ती दूध थोडे देते. दुग्धव्यवसायासाठी संकरित गायी व म्हशी पाळल्या जातात. संकरित गायींच्या अधिक दुधाबरोबर कासदाहाचा धोकाही वाढतो.

येथे धार हाताने किंवा लहान बादली यंत्राने काढली जाते. यंत्रमानवाची किंमत अशा गोठ्याला परवडणारी नाही. तरीही स्वयंचलित पद्धतीमागील तत्त्व, म्हणजे प्रत्येक सड वेगळा पाहणे आणि आजची स्थिती कालच्याशी ताडणे, वही व पेन्सिलीनेही पाळता येते. पहिली धार रोज पाहणे, पंधरवड्यातून एकदा कासदाह चाचणी करणे आणि निकाल गायीच्या नावाने सडनिहाय लिहून ठेवणे एवढ्याने बरीच सुप्त प्रकरणे उघड होतात. हातात धरण्याजोगे वाहकतामापकही मिळतात. अंगठा मुडपून धार काढल्याने सडाला इजा होते, म्हणून पूर्ण मुठीने धार काढावी, असे पशुवैद्यक सांगतात. जिल्ह्यात मालवण तालुक्यातील किर्लोस येथे कृषी विज्ञान केंद्र आहे.

लहान पशुपालकाच्या हाती येणारी सर्वात नियमित यांत्रिक नोंद म्हणजे दूध संकलन केंद्राची पावती. तीवर दुधाचे माप, स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थ छापलेले असतात. राज्यात गायीच्या दुधाचा भाव सामान्यतः ३.५ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ या प्रतीला धरून ठरतो. कासदाहात दुग्धशर्करा घटल्याने स्निग्धेतर घनपदार्थांचा आकडा खाली येऊ शकतो. दुधात पाणी मिसळल्यावरही तो उतरतो; त्यामुळे एखाद्या प्रामाणिक दूध उत्पादकावर भेसळीचा संशय येण्याची किंवा त्याला भाव कमी मिळण्याची शक्यता असते, आणि खरे कारण गायीच्या कासेत दडलेले असते. पावत्या फेकून न देता तारखेनुसार जपून ठेवल्यास व आकडा सलग काही दिवस उतरताना दिसताच कास तपासल्यास गाय आणि उत्पन्न दोन्ही वाचू शकतात. मात्र या पावतीला मर्यादा आहेत. तीवर सर्व जनावरांच्या एकत्रित दुधाचे मोजमाप असल्याने रोगी गाय कोणती, हे कळत नाही, आणि घनपदार्थ अपुऱ्या आहारानेही घटतात. म्हणून पावतीचा आकडा हाही एक इशाराच मानावा लागतो. निर्णय कासेवर हात ठेवून आणि पशुवैद्यकाला विचारूनच घ्यावा लागतो.

## हे सुद्धा पहा

- कासदाह
- दुग्धव्यवसाय
- संकरित गाय
- कोकण कपिला
- प्रतिजैविक रोध
- धवलक्रांती